छत काय म्हणतं

खैरबोडीच्या बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीत शिरायचं तर आधी दसाराम कापगते यांची परवानगी लागे, आणि ती परवानगी देणारा आवाज भिंतीतून येई. बोगद्याच्या तोंडाशी बसवलेली पोलादी हातोडी छतावर तीनदा ठोके, क्षणभर सगळं शांत होई, आणि मग एक घोगरा म्हातारा आवाज म्हणे, "पक्कं हाय. चला जी." जाळीचं दार आपोआप बाजूला सरके. शहरातून डोंगर चढून आलेली मंडळी या आवाजावर इतकी खूष असत, की काही जण तो टिपून घेऊन घरच्या दाराच्या घंटीला लावत.

त्या रविवारी खरे दसाराम कापगते त्या हातोडीखाली उभे होते आणि त्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. बत्तीस वर्षं खाणीत काढलेली, त्यातली निम्मी ड्रिलच्या शेजारी. गेल्या सहा-सात वर्षांत दोन्ही कान पुरते गेले होते. गळ्यात एक अक्षरपाटी लटकत असे. समोरचा माणूस बोलेल ते पाटी मोठ्या अक्षरांत उमटवी. आत्ता तिच्यावर उमटलं, 'पक्कं आहे. चला जी.' ते वाचून म्हातारा गालात हसला.

"मीच मले बलावून राहिलो," ते म्हणाले.

त्यांची मुलगी रेवती शेजारीच होती. हे यंत्र तिचं. नाव 'कानोसा'. खाणीच्या छतावर ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि छत भरवशाचं की नाही ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. जुन्या काळी हे काम माणसं करत. पाळी सुरू व्हायच्या आधी हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन एक माणूस पुढे जाई, छत ठोकत ठोकत, आणि त्याच्या शब्दावर बाकीचे शंभर जण आत शिरत. खैरबोडीत तो माणूस दसाराम होता. त्यांच्या बत्तीस वर्षांत छत पडून एकही माणूस गेला नाही. त्यांच्या कानांचं ज्ञान यंत्रात भरायचं रेवतीनं ठरवलं ते अकरा वर्षांपूर्वी, खाण बंद व्हायच्या बेतात असताना. आज तो कानोसा बेचाळीस बंद खाणींमध्ये बसला होता आणि त्याच्या जिवावर माणसं डोंगरांच्या पोटातून सहली करत होती.

बाबांना मात्र तिनं इथे कधी आणलं नव्हतं. आज येऊ, उद्या येऊ असं करता करता राहून गेलं. शेवटी त्यांनीच धोशा लावला आणि सकाळी दोघं गावच्या तळ्यावरून, मोहाच्या झाडांमधून, हळूहळू वर आले. दोन तासांची चढण. वाटेत निवृत्त शिक्षकांचा एक गट भेटला, चौदा जणांचा. त्यातल्या गुलाबी टोपी घातलेल्या बाईंनी यंत्रातला आवाज यांचाच हे कळल्यावर बाबांचा हात हातात घेतला आणि डब्यातला तिळाचा लाडू दिला. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्या म्हणाल्या, पण 'हाय' ऐकून इतका धीर कधी आला नव्हता. रेवती जराशी ओशाळली. तो 'हाय' काढून 'आहे' करावा असं तिच्या मनात कितीदा आलं होतं, पण लोकांना तोच आवडतो म्हणून ठेवला होता.

शिक्षक आधी आत गेले. एका वेळी एकच गट पुढे सोडायचा असा नियम होता. पहिला गट मोठ्या खोलीत पोहोचला की मधली जाळी बंद होई आणि तो पलीकडे निघाला की मगच उघडे. मोठी खोली म्हणजे खनिज काढून काढून झालेली प्रचंड पोकळी. तिथे बसून लोक थर्मासमधला चहा पीत आणि गाणं म्हणत. तिथे आवाज फार सुंदर घुमतो असं सहलीच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं.

रेवती आणि बाबा त्यांच्या मागून निघाले. आत गेल्यावर म्हातारा वेगळाच माणूस झाला. बाहेर चाचपडत चालणारे पाय इथे बिनचूक पडू लागले. कुठे कोण बसून भाकर खाई, कुठे कुणाचं बोट ठेचलं, सगळं सांगत होते. तिसऱ्या थांब्यावर, बंद जाळीच्या अलीकडे, कानोशानं तिथल्या हातोडीनं छत ठोकलं आणि म्हटलं, "पक्कं हाय. चला जी." बाबांनी पाटी वाचली. मग सहज, जुन्या सवयीनं, काठीचं लोखंडी टोक वर नेऊन छताला हलकेच टेकवून ठोकलं आणि दुसरा तळवा दगडावर ठेवला.

हसू मावळलं. त्यांनी पुन्हा ठोकलं. या वेळी गालही भिंतीला लावला. मग रेवतीकडे वळून ओठांवर बोट ठेवलं, तिचं कोपर धरलं आणि चाळीस-पन्नास पावलं मागे नेलं. ती काही विचारणार तर डोळे वटारून गप्प केलं. तिथे थांबून, अगदी कुजबुजत, ते म्हणाले, "हे तं पिकं हाय."

रेवतीला वाटलं, ते 'पक्कं' म्हणाले. तसं तिनं मान डोलावली. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. मग बोटांची चिमट करून हवेत एक आंबा लटकवून दाखवला.

"पिकं, बाई. आंबा पिकला का देठ सोडते. पन पडत नाही, लटकून रायते. छताचंही तसंच असते. वरचा थर अलग होते, पन एकसंध रायते म्हनून आवाज चांगलाच येते. एका केसाइतकी फट रायते दोन थराइच्या मंदात. त्याच्याखाली बोलाचं नाही, शिटी माराची नाही. कव्हा खाली येईन, सांगता येत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "तुले तं ठोकून ठोकून सांगतलं होतं नं म्या."

सांगितलं होतं खरं.

चार महिने ती बाबांच्या मागे माइक धरून फिरली होती. ते ठोकत आणि एकेक शब्द सांगत. खोटं छत असेल तर 'बद्द'. ठाकठीक असेल तर 'बरं'. आणि कधीमधी एक तिसरा शब्द. तो तीनशे बारा वेळा आला होता, हा आकडा तिच्या अजून लक्षात होता. घरी बसून ध्वनिफिती उतरवताना तो शब्द ऐकून ती हसली होती. बाबांचे पुढचे दोन दात गेलेले, त्यात त्यांची बोली. लहानपणापासून ती त्यांचं बोलणं दुरुस्त करत आली होती. पानी नाही बाबा, पाणी. मले नाही, मला. शाळेत त्यांनी येऊ नये म्हणून तिनं काय काय बहाणे केले होते. त्या सवयीनंच तिनं सगळीकडचं 'पिकं' एका दमात 'पक्कं' करून टाकलं. बाबा दोन खोल्यांपलीकडे बसून चहा पीत होते. त्यांना विचारावं असं तिला सुचलंसुद्धा नाही.

आणि म्हणून कानोसा बद्द छत बरोबर ओळखी, बरं छतही ओळखून 'पक्कं हाय' म्हणे, पण जे छत सगळ्यांत धोक्याचं त्याला तो सगळ्यांत भरवशाचं समजे. खाण चालू असताना पिकं छत लगेच पाडून टाकत. बंद खाणीत ते पाडणार कोण? अकरा वर्षांत किती छतं पिकली असतील याचा हिशोब तिच्याच्यानं होईना.

ती जाळीकडे बघत राहिली. पलीकडे कुठेतरी चौदा माणसं होती. हाक मारायची सोय नव्हती, कारण जाळी पिक्या छताखालीच होती. फोन चालत नव्हता. उरला एकच मार्ग, मागे फिरायचा. पंचाहत्तरीला टेकलेल्या बापाचा हात धरून ती शक्य तितक्या घाईनं चालत सुटली आणि वीस मिनिटांनी बाहेरच्या उन्हात आली. तोंडाशीच कार्यालयाची खोली होती. तिथे खुशाल लांजेवार नावाचा व्यवस्थापक खुर्चीत बसून पडद्यावरचे हिरवे ठिपके बघत होता. चौदा जणांच्या कपाळावरचे चौदा दिवे, त्यांचे चौदा ठिपके, सगळे मोठ्या खोलीत.

रेवतीनं त्याला धापा टाकत सगळं सांगितलं. तो चांगला माणूस होता, पण त्याला पटेना. यंत्र पक्कं म्हणतंय, असं तो दोनदा म्हणाला, आणि यंत्र तर तुम्हीच केलंत की मॅडम. तिनं तिथूनच बेचाळीसही खाणी बंद करण्याचा आदेश पाठवला. पण जी माणसं आत होती त्यांच्यापर्यंत तो पोहोचणार नव्हता. मग तिनं मोठ्या खोलीतला सकाळचा मूळ, न पुसलेला ठोका ऐकवायला सांगितलं.

ठण्ण. स्वच्छ, खणखणीत. आणि त्याच्या मागून, अगदी बारीक, दुसरा एक नाद. ही शेपटी तिनं हजारदा ऐकली होती आणि यंत्राची खरखर समजून पुसून टाकायला लावली होती. आता ती ऐकल्यावर खुशालही खुर्चीतून उठला.

"मी जाऊन आणतो त्याहिले," तो म्हणाला.

जायला पंचवीस मिनिटं लागणार होती. गट पोहोचून बराच वेळ झाला होता. चहा संपत आला असेल आणि मग गाणं. चौदा जणांनी एका सुरात उचललेलं गाणं त्या छताखाली घुमणार होतं. मोठ्या खोलीत एक भोंगा बसवलेला होता, संकटात माणसांना बाहेर बोलवण्यासाठी. तो वाजला की मधली जाळी उघडे आणि माणसांनी आल्या वाटेनं परत फिरायचं. टेबलावर त्याचं लाल बटण होतं. पण भोंग्याचा आवाज एकच, तोही कानठळ्या बसवणारा. वाजवला तर त्यानेच छत खाली आलं तर? आणि नाही वाजवला तर गाणं होणारच. यातलं कमी वाईट कोणतं, हे पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता आणि तो दाराशी बाकावर बसून धाप टाकत होता.

रेवती त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली आणि पाटीजवळ तोंड नेऊन एकेक शब्द सुटा सुटा बोलली. "बाबा, मोठ्या खोलीचं छत पिकं आहे. चौदा माणसं आत आहेत. भोंगा वाजवून त्यांना बाहेर बोलावू का?"

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"वाजव नं मंग," ते म्हणाले. "काही होत नाही. बलाव त्याहिले."

रेवतीला क्षणभर नवल वाटलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिनं बाबांचा शब्द जसाच्या तसा घेतला. त्यात काही दुरुस्त केलं नाही, उलट विचारलं नाही. ती उठली आणि तिनं लाल बटण दाबलं.

डोंगराच्या आतून भोंगा लांबवर घुमल्यासारखा ऐकू आला. खुशाल ठिपक्यांकडे बघत होता. ठिपके हलले, एकत्र गोळा झाले आणि बाहेरच्या वाटेला लागले. म्हणजे आता ते त्याच छताखालून, गडबडीनं, एकमेकांना हाका मारत येणार.

काहीतरी चुकल्यासारखं वाटून रेवतीनं मागे वळून पाहिलं. बाबांच्या छातीवरची पाटी अजून उजळलेली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मोठ्या खोलीचं छत पक्कं आहे. चौदा माणसं आत आहेत. भोंगा वाजवून त्यांना बाहेर बोलावू का?'

ही पाटी तिनंच दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला दिली होती. बाबांशी खाणीबद्दल बोलताना शब्द चुकू नयेत म्हणून कानोशाचा सगळा शब्दकोश तिनं हौसेनं त्या पाटीत भरला होता. त्या कोशात 'पिकं' नव्हतंच. तिनं पाटीला कितीही वेळा, कितीही स्पष्ट सांगितलं असतं तरी पाटी तिचं बोलणं तितक्याच इमानानं सुधारत राहिली असती.

तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून उपयोग कोणाला होता? टेबलावर कागद दाबायला ठेवलेला मँगनीजचा काळा दगड होता. तो तिनं उचलला आणि चुना फासलेल्या भिंतीवर, बाबांच्या अगदी समोर, दोन अक्षरं ओढली. घाईत वेलांटी वाकडी गेली. दगडाचा काळा रंग बोटांना लागला.

पिकं.

म्हाताऱ्यानं ते वाचलं. मग टेबलावरच्या लाल बटणाकडे पाहिलं आणि ठिपक्यांकडे. पुढचा ठिपका आता तिसऱ्या थांब्यापाशी आला होता, त्यांनी तळवा ठेवला होता तिथे. खुशाल तोंडातल्या तोंडात मोजत होता. बाबा बाकावरून उठले, भिंतीपाशी गेले आणि त्या वाकड्या वेलांटीवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांचा आवाज चढला नाही. रागही नव्हता त्यात.

"हे तू आधी काहून नाही लिहिलं, बाई?"