रुखवतातलं देऊळ

मीनाची बॅग अंगणात येऊन पडली, तेव्हा नीलाने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

"माझ्या पोरीचं रुखवत नासवलं हिनं!" चतुराबाई सुनेकडे, मीनाकडे, बोट दाखवत ओरडल्या. "बारा पस्तीसचा मुहूर्त हाय. त्याच्या आत ही माहेरी जाईल."

नीलाची जालन्यात खासगी तपासाची कचेरी. तीर्थपुरीला ती चतुराबाईंच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नाला आली होती. सोबत मदतनीस गजानन. त्याचं सगळं लक्ष बुंदीकडे.

"मॅडम, आज तरी सुट्टी घ्या," तो पुटपुटला.

"काकू, मला एक तास द्या," नीला म्हणाली.

रुखवताच्या टेबलावर जांबच्या रामाच्या देवळाची प्रतिकृती होती. आईस्क्रीमच्या काड्यांच्या भिंती मीनाने उभारलेल्या. पुठ्ठ्याचं, साबुदाणा लावलेलं शिखर गंधालीचं. गंधाली ही चतुराबाईंची आईवेगळी पुतणी. याच घरात वाढली, दोन वर्षांपूर्वी इथूनच लग्न होऊन गेली. रात्रीतून कुणीतरी देवळावर पाणी ओतलं होतं आणि आता शिखराचा लगदा झाला होता. पाणी पार चौथऱ्यापर्यंत गेलं होतं, भिंतींच्या काड्याही भिजून फुगल्या होत्या. पण एकही सुटली नव्हती.

"मीनाचं तेवढं शाबूत," गजानन म्हणाला. "शिखराचं कौतुक झालं, ते हिला बघवलं नाही. सरळ आहे."

नीलाने आधी राजनंदिनीच्या बेबीनंदा आत्याला गाठलं; पहाटे पाण्याची बादली घेऊन तीच फिरत होती.

"पहाटं कूलरमधी पाणी भरलं, ते मीच," आत्या म्हणाली. "पण टेबलाकडं फिरकले न्हाई. मला राग आला तर मी तोंडावर बोलते."

गंधालीचे डोळे सुजले होते. मुठीत एक कागदी पताका होती.

"काल मीच शिखरावर चिकटवल्ती. सकाळी लगद्यातून काढली. आईच्या हातचं अक्षर हाय."

नीलाने पताका उजेडात धरली. जांभळ्या स्केचपेनने लिहिलेलं 'श्रीराम'. रेघ न् रेघ स्वच्छ.

"खळ कोणी शिजवली?"

"मीच. मैद्याची, पातेलंभर. सगळं देऊळ तिच्यावरच उभं होतं."

मीना अंगणात बॅगेशेजारी बसून होती. "खळीला झुरळं लागतात, ताई. म्हून मी पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन लावलं. गंधालीताईला वाईट वाटंल म्हून कुणालाच बोलले न्हाई."

नीलाने सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं.

"खळ पाण्यात विरघळते, सोल्यूशन विरघळत नाही. मीनाला फक्त शिखर पाडायचं असतं, तर तिने शिखरावर तांब्या उपडा केला असता. इथे भिंती, चौथरा, सगळं भिजवलंय. ज्याने पाणी ओतलं, त्याला अख्खं देऊळ पाडायचं होतं. सगळं खळीवरच उभं आहे, असं त्याला वाटत होतं."

"म्हणजे आत्या?" गजानन म्हणाला.

"स्केचपेनची शाई पाण्याने फुटते, गजानन. लगद्यातून काढलेल्या पताकेचं एक अक्षरही फुटलेलं नाही. पाणी ओतण्याआधी ती कुणीतरी जपून काढून घेतली. त्या कागदावर जीव कुणाचा आहे?"

सगळ्यांनी गंधालीकडे पाहिलं. ती चतुराबाईंकडे वळली.

"दोन महिने खपले मी राजनंदिनीच्या रुखवतासाठी. माझ्या लग्नात या टेबलावर काय होतं, काकू? स्टीलचा डबा अन् पाच लाडू. काल सगळ्या बाया म्हणून राह्यल्या, राजनंदिनी नशिबाची. जळले मी. बिलकुल सहन झालं न्हाई." तिने मीनाकडे पाहिलं. "तुझ्यावर आळ आला अन् मी गप बसले. काकू, आता माझी बॅग ठेवा अंगणात."

चतुराबाई बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हातात मीनाचीच बॅग होती. ती त्यांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "चुकले ग मी," त्या सुनेला म्हणाल्या.

मीनाने सोल्यूशनची ट्यूब आणून गंधालीच्या पुढ्यात ठेवली. "दोन तास हायेत, ताई. पुठ्ठा कापा."

गंधालीने कात्री उचलून तशीच खाली ठेवली. तेव्हा चतुराबाई तिच्याशेजारी खाली बसल्या आणि साबुदाण्याचं ताट त्यांनी मांडीवर घेतलं.

"तुझ्या वेळंला मी काहीच केलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आता सांग, मी काय करू?"