परातींवरचा हात

पुसलेला दोरा पडद्यावर परत आला होता.

"आधी एवढंच झालं," किसनराव म्हणाले. लोणारच्या बसस्टँडमागं, लाइट गेलेली, पोरं ओट्यावर त्यांच्याभोवती दाटून बसलेली. "सुभद्रा माह्या साडूची पोर. खोटं बोलत नाही. गेल्या साली, सर्वपित्री अमावास्येची संध्याकाळ..."

सुभद्रा कॉलेज संपवून घरीच कॉम्प्युटरवर काम करायची. पुण्यात तिच्या मामाचा मुलगा इंद्रभान जुन्या मालिका नव्यासारख्या करून चॅनेलला द्यायचा. त्यातली एक इथलीच होती. परग्रहावरची माणसं लोणारच्या सरोवरात उतरतात, अशी. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईचे लोक इथं येऊन शूटिंग करून गेले होते. उडती तबकडी म्हणजे काय, तर जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, दोन पराती, तोंडाला तोंड लावून बांधलेल्या. दोऱ्यानं वरून त्या नाचवायचा गावचाच तुळशीराम. एका ठिकाणी त्याचा हात दिसायचा, मनगटापर्यंत. आता लोक हसतात. म्हणून दोरा पुसायचा, परातींच्या जागी झगमगती तबकडी बसवायची.

पण तो हात...

तुळशीरामचा फोटो कधी निघालाच नव्हता. मालिका झाली आणि थोड्याच दिवसांत तो साप चावून गेला. त्याची बायको जनकाबाई दर पित्तरात ती कॅसेट लावायची, हात आला की चित्र थांबवायची आणि टीव्हीपुढं नैवेद्याचं पान मांडायची. जगात तेवढी एकच कॅसेट उरली होती. मुंबईवाल्यांच्या मूळ टेपांवर केव्हाच दुसरं काहीबाही भरून झालं होतं.

कॅसेट सुभद्राला देताना ती म्हणाली होती, "पराती पूस माय, दोरा पूस. हात तेवढा ठेवजो."

"नाही पुसत, मावशी. आईची आण."

कॅसेट पुण्याला गेली, तिच्यावरून उतरवलेलं चित्र सुभद्राकडं आलं. अमावास्येच्या तीनेक आठवडे आधी इंद्रभानचा फोन आला. "हात काढ. चॅनेलवाल्याले नाही पाहिजे."

"दादा, मी आण घेतली."

"अवं, कॅसेट आहे ना माह्याजवळ! पित्तराच्या आधी बाईच्या हातात देतो. काम कर, डोकं नको लावू."

मामाचाच मुलगा. तिनं विश्वास ठेवला. हात पुसला. त्यानं सांगितलं म्हणून आपल्याकडचं मूळ चित्रही काढून टाकलं.

आणि अमावास्येला, दिवे लागल्यावर, शेवटची नजर फिरवताना तिला दोरा दिसला. वर कोणी धरलेला नाही. खाली काही टांगलेलं नाही. तरी ताणलेला...

तिनं पुसला. परत आला. मग हलला.

तिनं चित्र थांबवलेलं होतं.

"थांबवलेलं चित्र कसं हलन काका?" एक जण हसला. "करंट आला असन."

"तेच सांगून राह्यलो बे. थांबवलेलं होतं."



सुभद्रानं इंद्रभानला फोन लावला. "दादा, कॅसेट पाठव. मले हात परत लावायचा हाय."

"कॅसेट? तिले बुरशी लागली होती. फेकली."

"कवा?"

"झाला असन महिना दीड महिना."

म्हणजे त्यानं कॅसेट देतो म्हणून सांगितलं, तेव्हाच ती नव्हती.

"अन् तिच्यावरून उतरवलेलं?"

"जुनं कोण जपते बाई? तू केलं तेच आता खरं."

"तू म्हटलं होतं दादा..."

"म्हटलं असन."

फोन बंद.

तिनं वर पाहिलं. पडद्यावर पाणी होतं, डोंगराची कड होती, आभाळ होतं. दोरा नव्हता. शोधला. कुठंच नव्हता.

तिला जनकाबाई आठवली. आज ती कशापुढं पान मांडणार?

फोन लावला. वाजला... वाजला... बंद झाला.

परत लावला.

गल्लीतली कुत्री एकाएकी गप्प झाली.

परत...

उचलला.

"मावशी! मी सुभद्रा. माहं चुकलं वं मावशी. मले फसवलं त्यानं, अन् मी तुले..."

 मग जनकाबाई बोलली. अगदी हळू, जवळ बसलेल्या कोणाला ऐकू जाऊ नये, तशी.

"ते आले, पोरी. पानावर बसले... जेवून नाही राह्यले."

मग तिनंच विचारलं,

"त्याहिचा हात कुठी ठेवला वं तू?"