हॉलमधले दिवे

तिसऱ्या चाचणीतही यंत्रावरची रेघ सपाटच राहिली. डॉ. तांबोळींनी मुकुंद रेगेच्या डोळ्यांसमोर प्रकाशाच्या चौकटी हलवून पाहिल्या, मंद केल्या, तीव्र केल्या. काहीच दिसत नाही, असं तो शांतपणे सांगत राहिला. सहा महिन्यांपूर्वी बसवलेलं सिलिकॉनचं कृत्रिम दृष्टिपटल वाया गेलं होतं. उगाच संसर्गाचा धोका नको, सोमवारी काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. मुकुंदने साफ नकार दिला. त्रास तर काही नाही, राहू दे की.

बाजूला बसलेल्या नीरजाने नवऱ्याकडे निरखून पाहिलं. शाई संपली की पेन फेकून देणारा हा माणूस निकामी चकती डोळ्यात कशाला जपतोय? कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात तिची हयात गेली होती. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तिला कळत होतं.

संशय तिला आधीपासूनच होता. नजर जाण्यापूर्वी मुकुंद नाटकांची प्रकाशयोजना करायचा. हॉलमधले हॅलोजनचे दिवे त्यानेच हौसेने लावलेले. आता सोसायटी सगळ्यांचे जुने दिवे काढून ऊर्जाबचतीचे बल्ब फुकट बसवून देत होती, तर हा सेक्रेटरीशी फोनवर कडाकडा भांडला. आंधळ्याला दिव्याची काय पडलीय? ती विचारायला गेली, तर त्या दिव्यांची ऊब चेहऱ्याला बरी वाटते म्हणाला. ऊब हवी तर शाल घे, असं तिने सुनावलं. तो नुसता हसला.

मग तिने हॉलमधलं स्टूल रोज नव्या जागी ठेवायला सुरुवात केली. तो एकदाही अडखळला नाही. स्वयंपाकघरात मात्र टेबलाचा कोपरा त्याला हमखास लागायचा.

तिने तांबोळींना फोन करून विचारलं, की माणसाला घरी दिसतं आणि प्रयोगशाळेत दिसत नाही, असं होईल का? ते हसले. डोळा तोच, चकती तीच, मग कसं होईल?

"तुमच्या तपासणीच्या खोलीत दिवे कुठले आहेत?"

"ऊर्जाबचतीचे," ते सावकाश म्हणाले. "चकती तयार झाली तेव्हा इथे हॅलोजन होते. मागच्या वर्षी आम्ही बदलले."

पुढचं दोघांनी मिळून जुळवलं. चकती डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावरच चालायची, आणि सिलिकॉनला सगळ्यात जास्त वीज मिळते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून. हॅलोजन ते भरभरून देतो. ऊर्जाबचतीचा दिवा देतच नाही, त्यातच तर त्याची बचत. त्याच्या उजेडात चकती उपाशी राहत होती.

"आणि उन्हात?" तिने विचारलं.

"तिथे अजीर्ण होईल. सगळं पांढरंफटक."

घरातल्या खिडक्यांना अवरक्त किरण अडवणाऱ्या उष्णतारोधक काचा होत्या आणि बाकीच्या खोल्यांत ऊर्जाबचतीचेच दिवे. म्हणजे साऱ्या जगात मुकुंदला दिसत असेल तर एकाच ठिकाणी, हॉलमध्ये. आणि सहा महिने तो तिच्याशी खोटं बोलत होता. नीरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो अंघोळीला गेल्यावर तिने हॉलमधले सगळे दिवे काढून ऊर्जाबचतीचे लावले. रंग तोच, उजेड तेवढाच. पंचा खांद्यावर टाकून तो हॉलच्या दारात आला आणि थबकला. हात भिंत शोधू लागला.

"दिवे बदललेस?"

"ऊब गेली म्हणून विचारतोयस?"

भिंत हाताला लागल्यावर तो थांबला. मग म्हणाला, "नाही."

"का लपवलंस, मुकुंद?"

"पहिल्या दिवशी सांगणारच होतो. तू कॉलेजातून आलीस, सोफ्यावर बसलीस, मुलांच्या गमती सांगायला लागलीस. आवाज हसरा, आणि डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या दिवशीही तेच. मला दिसतं म्हटलं असतं, तर तू चेहराही आवाजासारखा केला असतास. मग तू खरी कुठे दिसली असतीस?"

तिला भयंकर राग आला. आपल्याच घरात ती सहा महिने पडदा न ओढता वावरली होती. तिला हेही कळत होतं, की तिचं रडणं पाहणारं या जगात दुसरं कोणीच नव्हतं. ती रडली, आणि या उजेडात ते त्याला दिसलं नाही.

चकती काढायचा विषयच संपला. तांबोळींनी प्रयोगशाळेत हॅलोजन लावले, तर रेघ उसळून वर गेली. नीरजाने हॉलमधले जुने दिवेही परत बसवले. स्वयंपाकघराचं काय करायचं, असं तिने विचारलं, तेव्हा मुकुंद म्हणाला, "तिथला राहू दे तसाच."

आता ती संध्याकाळी कॉलेजातून येते ती थेट स्वयंपाकघरात जाते. चहाला हल्ली फार वेळ लागतो. मग कप घेऊन ती हॉलमध्ये येते, त्याच्यासमोर बसून मुलांच्या गमती सांगते आणि हसते. चेहरा अगदी आवाजासारखा.

मुकुंद तिच्याकडे टक लावून पाहत असतो. चहाला उशीर का झाला, हे तो कधीच विचारत नाही.