ठरलेली किंकाळी

जवळ सरका, आणि मध्येच फोन बघू नका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या ओळखीच्या माणसाची आहे.

गेल्या डिसेंबरातला तिसरा शनिवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भोंगा दोन वस्तू आणायला बाहेर पडला, टॉर्चचे सेल आणि बायकोसाठी घशाच्या गोळ्या. भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, आवाजावरून पडलेलं. जुन्या शहरात जिथं जिथं खून पडले, तिथं तिथं तो लोकांना तिकीट लावून पायी हिंडवायचा. गाईड म्हणा. दुसऱ्याच्या घरातला खून ऐकायला लोकांना फार आवडतो, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं.

त्याचा हुकमी एक्का म्हणजे शिवणवाल्या बाईची गल्ली. चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची. तिच्याच मापाच्या टेपनं कुणीतरी तिचा गळा आवळला. कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाई तीनदा ओरडली. समोरच्या इमारतीत नऊ खिडक्या, नऊच्या नऊ खिडक्यांत दिवे. पण एकही उघडली नाही. उलट पहिल्या किंकाळीला तिसऱ्या खिडकीतला दिवा मालवला गेला. भोंगा त्या खिडकीकडे बोट दाखवायचा, लोक चुकचुकायचे. मग तो टॉर्च वर फिरवायचा आणि बाईच्या रिकाम्या खोलीतून किंकाळी यायची. एकच. ठीक आठ चाळीसला.

ओरडायची त्याची बायको. समोरची इमारत आता गोदाम झालीय आणि मी तिथला रखवालदार, म्हणून जाता-येता ती माझ्याशी दोन शब्द बोलायची. गुणाची बाई होती.

त्या शनिवारी गोळ्या हातात घेऊन ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आज नको. वर कुणीतरी असतं."

"उंदीर असेल."

"मी ओरडायला श्वास घेते ना, तेव्हा माझ्याआधी कुणीतरी घेतं."

"मग बरंच की! सोबत झाली."

"चेष्टा नका करू. एक दिवस राहू दे, पाया पडते तुमच्या."

"बावीस तिकिटं गेलीत. घरात दिवसभर फुकट ओरडतेस, तिथं एकदाच ओरडायचंय."

स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. ती हसली नाही. चावी घेऊन निघून गेली. हे सगळं त्यानंच मला त्या रात्री रडत सांगितलं.

आठ अडतीस. मंडळी गल्लीत आली. भोंगा रंगात आला होता. नऊ खिडक्या सांगून झाल्या. टॉर्च अजून खिशातच होता...

आणि किंकाळी आली.

वेळेआधी आली म्हणून तो मनातून चिडला. पण लोक जागच्या जागी थिजले होते, तेव्हा त्यानं चालवून घेतलं.

दुसरी आली. शब्दांसकट.

"अहो! खरंच... खरंच आहे हो!"

लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. भोंगा कमरेत वाकला. "बघा मंडळी, किती खरं वाटतं!"

तिसरी अर्धीच आली.

मग काही नाही...

मग टाळ्या.

पुढचे दोन थांबे त्यानं नीट उरकले. लोकांबरोबर फोटो काढून घेतले. साडेनऊला तिला घ्यायला वरच्या खोलीशी आला, तर दाराला आतून कडी. हाक मारली... पुन्हा मारली... मग मला बोलावलं. दोघांनी मिळून दार फोडलं.

ती खिडकीखाली बसली होती. एक हात वर. गजाला धरलेला. गळ्यावर टेपाएवढा रुंद वळ. खोलीत दुसरं कुणी नाही. टेपही नाही. दुसऱ्या मुठीत घशाची गोळी, कागदासकट.

पोलिसांनी त्या बावीस जणांना विचारलं, "बाई किती वेळा ओरडल्या?"

"तीनदा."

"मग तुम्ही काय केलंत?"

 एक म्हातारी म्हणाली, "आम्ही टाळ्या वाजवल्या."

त्या रात्री माझ्याशी बोलला तेवढंच, त्यानंतर भोंगा बोललेला नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. रोज आठ चाळीसला गल्लीत येतो आणि वर बघत उभा राहतो.

तुम्ही विचाराल, काका, तुम्ही कुठं होतात? समोरच. स्टुलावर. ऐकलं मीही. म्हटलं, रोजचंच आहे... लाज वाटते सांगायला. आणि ही माझी पहिली वेळ नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी तिथं गोदाम नव्हतं, बिऱ्हाडं होती. तिसरं माझं. तुमच्याएवढा होतो. भ्यालो. दिवा मीच मालवला होता.

त्या नऊ खिडक्या मी स्वतः खिळे ठोकून बंद केल्यात. दार फोडून आम्ही खोलीत शिरलो ना, तेव्हा तिच्या खिडकीतून सहज समोर नजर गेली. आठ बंद होत्या. तिसरी सताड उघडी... आत दिवा. त्या मजल्याची वीज तोडून वीस वर्षं झालीत.

मी तो मालवायला वर गेलो नाही. अजून जळतोय.