देवळीच्या वळणावरचे तीन झोत

काम चोख केलं तर इंथा पुन्हा दुकानाची पायरी चढणार नव्हता. काम जरा कच्चं ठेवलं, तर दर आठ दिवसांनी येणार होता. चानसोमचा फायदा कशात आहे, हे थायलंडातल्या फांग गावच्या बाजारातल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. तरीही तिने त्याच्या गाडीच्या दिव्यांना तार जाड घातली, रिले चांगल्यातला लावला, एकेक जोड दोनदा तपासला… आणि मग स्वतःवरच चिडून पाना आपटला.

"कोणावर राग?" वेताच्या खुर्चीतून बाबांनी विचारलं.

"पान्यावर."

"बरं," कॉफी ढवळत म्हातारा म्हणाला. "दिसायला बरा आहे हो तुझा पाना. डोंगरावरचा ना?"

ओळख अवघी तीन दिवसांची होती. थंडीतली पहाट, हाताला हात दिसेना असं धुकं, आणि चानसोम भिक्षूंना वाढायचा भात घेऊन स्कूटरवर निघालेली. समोरून दोन तांबूस ठिपके आले. त्यांच्या मधोमध, बंपरला सायकलच्या ट्यूबने बांधलेली एक विजेरी. स्कूटरपासून हातभर अंतरावर ती जुनाट पिकअप कचकन थांबली आणि लोकरीची टोपी घातलेला एक तरुण उडी मारून खाली उतरला.

"लागलं का कुठे?"

"मला नाही लागलं. तुमच्या गाडीला दिवे आहेत की उदबत्त्या?"

त्याने वळून गाडीकडे नीट पाहिलं. "दोन उदबत्त्या," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आणि एक विजेरी."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ठरवलेलं सगळं थोडंच होतं?

मागे पाट्या भरून स्ट्रॉबेरी होती. थंड, ओला, गोड वास धुक्यात मिसळत होता. "ऊन चढायच्या आत बाजारात उतरवायला लागते, नाहीतर मऊ पडते," तो सांगू लागला. "पण या उजेडात गाडी हाकायची म्हणजे आंधळ्याने सुईत दोरा ओवायचा. गाडी वडिलांची, सव्वीस वर्षांची. विकवत नाही…"

"विकू नका. उजेड माझ्या दुकानात मिळतो. बाजाराच्या मागे, भाताच्या गोदामाशेजारी."

दुपारी माल उतरवून तो हजर झाला. येताना मनाशी बेत ठरवून आलेला.

"टपावर सहा दिव्यांची पट्टी लावा. सगळी पोरं लावतात."

"सगळी पोरं समोरच्याला आंधळं करतात. आणि धुक्यात पांढरा झोत मारलात तर पुढे पांढरी भिंतच उभी राहील. पिवळे दोन घ्या, बंपरच्या खाली, रुंद फेकणारे. रस्ता बघायचाय की मिरवायचंय?"

"दोन्ही चालेल. मिरवलं तर कोणी बघेल तरी…"

"बघतंय की," ती बोलून गेली, आणि जीभ चावून म्हणाली, "म्हणजे — बाबा बघतायत."

बाबा तेव्हा डोळे मिटून बसले होते.

तीन दिवस काम चाललं. पुढच्या काचा म्हाताऱ्याच्या दातांसारख्या पिवळ्या पडल्या होत्या. त्या गेल्या, नव्या आल्या. जुन्या बारीक तारांतून वीज दिव्यापर्यंत पोचेपर्यंतच दमत होती; तिने बॅटरीपासून थेट जाड तार ओढली. तिसऱ्या संध्याकाळी दिव्यांचा रोख लावायला गोदामाची भिंत. भिंतीवर खडूच्या रेघा, गाडी पंचवीस पावलं मागे, आत इंथा, भिंतीपाशी चानसोम.

"डावा जरा खाली यायला हवा…" म्हणत ती गाडीपाशी जाऊन स्क्रू फिरवायची, पुन्हा भिंतीपाशी यायची. "अजून थोडा… हं. आता हलायचं नाही."

"दिव्याने की मी?"

"दिव्याने. तुम्ही आहात तिथे बरे आहात."

मग तिच्या ध्यानात आलं, आपण कधीच्या ऐन झोतात उभ्या आहोत आणि काचेमागून कोणीतरी बघतंय…

"नाकावर ग्रीस आहे," तो हळूच म्हणाला.

"मग आधी नाही सांगायचं?"

"तपासणी चालली होती ना. अगदी स्वच्छ दिसतंय सगळं."

दुसऱ्या दिवशी आरशाला झेंडूची माळ बांधून गाडी डोंगर चढून गेली. चोख कामाची शिक्षा भोगायला चानसोम मागे राहिली. आठ दिवस कोणी आलं नाही.

नवव्या दिवशी तो आला, मान खाली घालून. "डावा पिवळा लागत नाही."

तिचं काळीज आधी उडालं, मग पडलं. आपल्या हातचा दिवा? पाहते तर, अर्थिंगची तार गाडीच्या सांगाड्याला आवळते तो बोल्ट सैल. तिने घट्ट केला. पाच दिवसांनी तोच दिवा, तोच बोल्ट. आता बाजारात कुजबुज सुरू झाली. फळांच्या ठोक व्यापारीण मुकदा मावशी सर्वांदेखत म्हणाल्या, "चानसोमचे दिवे ना? आठवडाभर टिकतात हो, छान टिकतात."

"तीस वर्षांत माझा एक दिवा परत आला नव्हता," बाबांनी कॉफीला सांगितलं.

नावाला बट्टा लागला तो लागलाच. पण तिला झोप येईना ती वेगळ्याच विचाराने. डोंगरावर राखणदार देवाच्या देवळीचं वळण आहे, एका अंगाला सरळ दरी. दिवा नेमका तिथे गेला तर?

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा ती विजेरी घेऊन खाली सरपटली. सांगाडाभर बोटभर लाल चिखल. आणि त्यात एकच बोल्ट लख्ख पुसलेला, वर वंगणाचं बोट. खडबडीत रस्ता बोल्ट सैल करतो हे खरं. पण पुसून वंगण लावणारा रस्ता तिने अजून पाहिला नव्हता.

"इंथाभाऊ," ती खालूनच म्हणाली, "हा बोल्ट कोण पुसतं?"

"गंजू नये म्हणून मी…" आणि तो थांबला.

ती बाहेर आली. "म्हणजे चिखलात लोळायचं, बोल्ट सैल करायचा, वर त्याचे लाड करायचे, आणि मग पडेल तोंड घेऊन माझ्याकडे यायचं?"

"डोंगरावर नाही करत!" तो घाईघाईने म्हणाला. "खाली उतरल्यावर, पेट्रोल पंपापाशी. वळणावर तुमचे दिवे… फार चांगले आहेत हो. तोच तर घोटाळा आहे. आठ दिवस वाट पाहिली, बिघडतच नाहीत. मग यायचं तरी काय सांगून?"

बाबांच्या पेल्यातला चमचा थांबला.

चानसोमला रागवायचं होतं. "आणि बाजारात माझं नाव गेलं त्याचं काय?" एवढंच जेमतेम जमलं.

त्याने टोपी काढली, मान हलवली आणि गेला. दुसऱ्या सकाळी मुकदा मावशींच्या ठेल्यापुढे उभा राहून त्याने मोठ्या आवाजात सांगितलं, की बोल्ट मी सैल करत होतो, दिव्यांत खोट नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. त्याचे कान लाल झाले होते, बाजाराला तेवढं पुरलं. दुपारपर्यंत लोक हसत होते.

संध्याकाळी चानसोमने गाडी मागून घेतली आणि तासभर काहीतरी जोडलं.

"देवळीपाशी हॉर्न वाजवता ना?"

"तीनदा. राखणदाराला न वाजवता कोण जाईल?"

"उद्या नीट वाजवा."

पहाटे ती मागच्या अंगणात उभी होती. चुलीवर चिकट भाताची टोपली वाफेवर ठेवलेली. डोंगराचं एकच वळण तिथून दिसतं. हॉर्नचा आवाज काही तिथवर पोचत नाही. पण धुक्यात एक पिवळा झोत उमलला… मंदावला. दुसरा. तिसरा.

अर्ध्या तासात तो धापा टाकत दारात. "हॉर्न दाबला की दिवे भडकून उठतायत! चुकून जोडलंत की काय?"

"माझ्या हातून चुका होत नाहीत. कालपासून सगळ्या बाजाराला माहीत आहे."

"मग?"

"इथून वळण दिसतं," ती डोंगराकडेच बघत म्हणाली. "तू सुखरूप उतरतोयस, एवढं कळलं की पुरे."

त्या 'तू'वर तो क्षणभर अडला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आता यायला कारणच उरलं नाही…"

"कारण गिऱ्हाइकाला लागतं."

"आणि जो गिऱ्हाईक नाही… ज्याला रोजच यायचंय, जन्मभर?"

"त्याने बाबांना विचारावं."

"विचार की!" आतून आवाज आला. "पण आधी तो भात बघा कोणीतरी!"

पुढच्या थंडीत लग्न झालं. हिशेब मांडायचा तर, इंथाला रस्ता दिसला, राखणदाराला हॉर्नवर झोत मिळाले, बाजाराला हसायला मिळालं, आणि चानसोमला जे हवं होतं ते चोख काम करूनही मिळालं. किंमत मोजली ती बाबांनी. तोवर लेक रोज अंगणात डोंगराकडे बघत उभी, चुलीवरचं पाणी आटलेलं. वर्षभर रोज सकाळी त्यांनी दगडासारखा भात कॉफीत बुडवून खाल्ला, आणि एकदाही हाक मारून तिला आत बोलावलं नाही.