शहाण्णव मिनिटं

काम साधं होतं. घराबाहेर पडायला बंदी होती त्या वर्षी सहा मुलांच्या मनगटांवर पट्टे बांधले होते. पट्टा रात्रभराची हालचाल टिपायचा. सकाळी नोंद माझ्याकडे घरी यायची आणि मी प्रत्येकाच्या नंबरापुढे कागदाच्या पट्टीवर रेघ काढायची. झोप शिसपेन्सिलीने, जागरण लाल पेन्सिलीने.

सहावी माझीच मुलगी. हे नियमात बसत नव्हतं. पण एक जागा रिकामी होती, ती पंधरा वर्षांची होती आणि तिला धड झोप लागत नव्हती. झोपेचा हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरांना मी सांगितलं नाही.

"घरात माणसं दोन, आणि त्यातल्या एकाला नंबर?" ती म्हणाली.

"गप बस. मनगट पुढे कर."

आठवडा तिसरा.
कागदाच्या पट्ट्या सुट्या ठेवायच्या असतात. त्या दिवशी टेबलावर जागा नव्हती, म्हणून एकीखाली एक लावल्या. लाल रेघा जिन्यासारख्या उतरत गेल्या. एक नंबर रात्री दहापासून ऐंशी मिनिटं जागा. तो झोपला की दोन नंबर. मग तीन. शेवटी माझी, चार चाळीस ते सहा. मध्ये एका मिनिटाची फट नाही.

मुलं वेगवेगळ्या शहरांतली. एकमेकांना कुणी ओळखत नव्हतं.

"ताई, सहाच तर मुलं," डॉक्टर फोनवर हसले. "सहा ढगांतसुद्धा हत्ती दिसतो."

आठवडा पाचवा.
चार नंबर आजारी पडला. पट्टा निघाला. त्याच रात्री उरलेल्या पाचांचं जागणं प्रत्येकी शहाण्णव मिनिटांचं झालं. पाच गुणिले शहाण्णव. दहा ते सहा. मी तीनदा गुणाकार केला.

आठवडा सहावा.
मुलगी दात घासताना उभ्या उभ्या झोपली. बेसिनची कड कपाळाला लागली. तीन टाके.

मलमपट्टी बदलताना विचारलं, "पहाटे उठून काय करतेस?"

"बसते."

"कशाला?"

"कोणीतरी बसायला हवं ना."

"कोणी सांगितलं तुला?"

"दूध उतू जाताना तुला कोणी सांगतं का?"

"आणि नाही बसलीस तर?"

टाक्यांना कापूस लागला तेव्हा ती हलली नव्हती. आता हात मागे घेतला. "असं विचारू नकोस ना, आई."

आपण फक्त पाहायचं, मध्ये पडायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. त्या संध्याकाळी मी तिच्या दुधात सर्दीचं औषध घातलं. त्याचा एक चमचा घेतला की मी स्वतः दिवसभर पेंगते.

दुसऱ्या सकाळी रेघा काढल्या.

चार चोवीसपर्यंत जिना नेहमीसारखा.

चार चोवीस ते सहा, पाचही पट्ट्यांवर फक्त शिसपेन्सिल.

ती नऊला उठली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली होती. तीन पोळ्या खाल्ल्या, चौथी मागितली. पुढच्या रात्री कोणीच जागलं नाही. त्याच्या पुढच्याही. पाचही मुलं दहा ते सहा, सलग.

"कमाल झाली, ताई!" डॉक्टर म्हणाले.

मी मुलीला म्हटलं, "हल्ली बसत नाहीस."

"आता कशाला?" ती ताटातून मान वर न करता म्हणाली. "राखण दार उघडायच्या आधी करतात."

आठवडा आठवा.
शेवटच्या प्रश्नांचे कागद भरून आले. झोपताना काही अडचण येते का? चौघांची अक्षरं चार तऱ्हेची, उत्तर एकच.

अंथरुणात जागा पुरत नाही.

पाचवा कागद घरातलाच. त्या रकान्यात तिने काही लिहिलं नव्हतं.

पलंगावर ती एकटीच, तरी आता भिंतीला चिकटून झोपते. ती उठली की पलंग मीच आवरते. भिंतीकडची चादर तिच्या अंगाने उबदार असते.

अलीकडचीही.