बिननावाची हाक

रेल्वेचे पूल तपासायला आर्थरसाहेब विलायतेहून होटगीला आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात तहानेने कासावीस होऊन मायाक्काच्या शिंदीच्या दुकानात शिरला. तिने मडक्यातली गार शिंदी पेल्यात ओतली, शेजारी शेंगाचटणी ठेवली. साहेबाने ती चिमूटभर खायची तर मूठभर तोंडात टाकली! नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मायाक्का पदर तोंडाला लावून हसली... आणि साहेब कामातून गेला.

मग रोज संध्याकाळी कडुनिंबाखालच्या बाजेवर त्याची बैठक ठरलेली. होटगीत कुणाला घाई म्हणून नसे. मालगाडीसुद्धा सिग्नलला खुशाल डुलकी काढी. हा निवांतपणा साहेबाला शिंदीपेक्षा जास्त चढला. मराठी तो तिथेच शिकला, म्हणजे दुकानातली.

"आरतर सायब, बास करा आता," मायाक्का दटावायची.

"आजून एक. लई ग्वाड हाय."

"ग्वाड सकाळची आसती. ही आंबलीया."

"मग ग्वाड काय लागतंय मला?" तो तिच्याकडे बघत म्हणायचा, आणि ती उगीचच धुतलेले पेले पुन्हा धुवायला घ्यायची.

पण दिवाळीच्या सुमारास कुठेतरी बिनसलं. मायाक्का त्याला नावाने हाक मारेना. बाकी गिऱ्हाइकांना नाव घेऊन खडसवायची; याच्यापुढे मात्र "अवो... घ्या," एवढंच, तेही भिंतीकडे बघून. साहेबाच्या घशाखाली शिंदी उतरेना. त्याच्या नोकरीची मुदत संपत आली होती. राहणार की मायदेशी जाणार, हे त्याला उद्या कचेरीत सांगायचं होतं. रुसलेल्या बाईच्या दारात राहायचं तरी कशाला?

त्या संध्याकाळी दुकानाच्या दारात गोजाबाई, मायाक्काची सासू, शेंगा भाजत बसली होती.

"मावशी, माजं काय चुकलं? मायाक्का माजं नाव घेत न्हाय. मी जातो माज्या देशाला."

म्हातारीचा हात थांबला. "खुळा का काय तू? आमच्यात बाई धन्याचं नाव घेत न्हाय. माज्या लेकाचं जल्मात घेतलं न्हाय तिनं." तिने डोळ्यांना पदर लावला. "लेक गेला माजा. पोर तरनी हाय. आमच्यात इधवेचा पाट लावत्यात, मी आडवी येनार न्हाय. पर तिला इचार, मला नगं."

साहेबाच्या छातीवरची धोंडच उतरली.  तो तडक आत गेला.

मायाक्का मडक्यावर फडकं बांधत होती. तिने सगळं ऐकलं होतं, हे तिच्या कानांच्या पाळ्यांवरूनच कळत होतं.

"माजं नाव घे की... एकदाच."

"न्हाय घेनार."

"मग मी हितंच ऱ्हातो. तुज्यासंगं, जल्मभर... चालंल?"

फडक्याची गाठ तिला काही केल्या बसेना.

"ऱ्हावा की," ती हळूच म्हणाली. "जा म्हनलंय कुनी तुमाला?"